आगटीला बायका बसणार नाहीत

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे, आणि त्या कागदावर मी गेली चार वर्षं जळतो आहे.

सोमवारी हास्यमंडळ. मंगळवारी कॅरम. गुरुवारी जुनी गाणी, आणि खाली सूचना, 'चष्मा आपापला आणावा.' शनिवारी कुणाच्या तरी गच्चीवर चहा. आणि महिन्यातल्या एका रविवारी, लाल शाईनं, खाली दोन रेघा ओढून: सहल. हा कागद माझा नाही. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माझ्या महिन्यात लाल शाईनं लिहावं असं काही घडलंच तर ते दातांच्या डॉक्टरकडे घडतं. कागद माझ्या आईचा आहे. ती शहात्तर वर्षांची आहे आणि घरी सापडत नाही.

एकदा दुपारी मी ऑफिसातून तिला फोन केला. जरा ताप होता. त्रेपन्नाव्या वर्षीही ताप आला की माणूस पहिला फोन आईला करतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पलीकडून आधी खटखट ऐकू आली, मग आईचा दबका आवाज: "आत्ता नको रे, राणी घ्यायची आहे." आणि फोन बंद. राणी कॅरमची. तिला राणी मिळाली असणार, कारण संध्याकाळी ती फार खुशीत होती. माझ्या कपाळाला हात लावायची आठवण तिला रात्रीच्या जेवणानंतर झाली, आणि तोवर माझा ताप, अपमान सहन न होऊन, आपणहून निघून गेला होता.

माझ्या लहानपणी ही बाई दिवसभर घरात असायची. शाळेतून आलो की दारातच तिचा वास यायचा: फोडणीचा, ओल्या पदराचा, कपड्यांच्या साबणाच्या वडीचा. 'आई' अशी हाक मारली की ती यायची. इतकं सोपं होतं ते. आता हाक मारली की बायको सांगते, "त्या बाहेर गेल्यात. चिठ्ठी ठेवलीय तुमच्यासाठी." चिठ्ठीत लिहिलेलं असतं, 'आमटी गरम करून घे.'

तर यंदाच्या थंडीत मी आईला परत मिळवायचं ठरवलं. मोहोळच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतात हुरड्याचा बेत केला. पोरं पुण्याहून येणार, ऑफिसातली चार कुटुंबं येणार, सगळी मिळून बावीस माणसं. आणि प्रत्येकाला मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, की या, आईच्या हातचा हुरडा खाऊन बघा, आयुष्यात विसरणार नाही. वीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आलो आहे. लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली, एकदा एका तेराव्याच्या पंगतीतही सांगितली. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेपर्यंत मी थांबत नाही.

गोष्ट अशी.

मोहोळच्या स्टँडवर उतरलं की मामाची बैलगाडी उभी असायची. गाडीत कडबा, कडब्यावर घोंगडी, घोंगडीवर आम्ही सात भावंडं, चुलत-मामे धरून. थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफ निघायची आणि आम्ही गाडीवानाला विचारायचो, तिच्यावर हात शेकले तर चालेल का. डांबरी रस्ता संपून बांध लागला की दोन्ही बाजूंना ज्वारी, गाडीतल्या माणसाच्या डोक्याच्याही वर. दवानं भिजलेल्या ताटांचा गोड, कच्चा वास. लांब कुठंतरी माळ्यावर उभा राहून राखणदार आरोळी द्यायचा, गोफणीचा चाबकासारखा आवाज यायचा, आणि पाखरांचा एक आख्खा थवा उठून शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसायचा. मग शेजाऱ्याची आरोळी. मग थवा परत आमच्याकडे. दिवसभर हे चालायचं, आणि पाखरं दोन्हीकडचं जेवून घ्यायची.

विहिरीजवळच्या चिंचेखाली आगटी. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. कोवळ्या ज्वारीची, गूळभेंडीची कणसं त्यात खुपसायची, वरून राख ओढायची, आणि नेमक्या क्षणाला एकेक कणीस बाहेर काढून, गरम असतानाच, दोन्ही तळहातांत चोळायचं. तो क्षण आईला कळायचा. ती कणसाकडे बघायचीही नाही. बोलता बोलता हात विस्तवात जायचा आणि कणीस घेऊन यायचा. चोळताना तिच्या बांगड्या लयीत वाजायच्या, हिरवे दाणे सुपात टपटपायचे, मग एक फुंकर, फोलपटं उडून जायची, आणि दाण्यांची पहिली मूठ माझी. मी शेंडेफळ. बाकीची सहा जणं हात पसरून बसलेली असायची आणि आईचा हात त्या सगळ्यांवरून पालखीसारखा मिरवत माझ्यापर्यंत यायचा. त्या सहा चेहऱ्यांवरची असूया मी अजून जपून ठेवली आहे. तेवढी श्रीमंती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मामाबरोबर सतरंजीवर बसून शेंगाच्या चटणीचा आणि गावच्या निवडणुकीचा समाचार घ्यायचे. तिकडून मधूनमधून एवढंच यायचं: "एक मूठ इकडं पाठव गं." धुरात आईचा चेहरा तांबूस दिसायचा, कपाळावर राखेची रेघ. ती सगळ्यांना देत असायची आणि हसत असायची. परत आल्यावर दोन दिवस तिच्या तळहातांना धुराचा वास राहायचा. दुपारी तिच्या शेजारी आडवा झालो की मी तो हात ओढून गालाखाली घ्यायचो. काळवंडलेला, खरखरीत, मधेच एखादा फोड. मला तो जगातला सगळ्यात सुंदर हात वाटायचा.

म्हणून मी आईला विचारलं, "पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी हुरड्याला यायचंय हं. आगटी तुझी."

ती चपलेचा बंद लावत होती. "बघू की," म्हणाली आणि गेली.

सोलापुरात 'बघू की' या दोन शब्दांवर ठरलेली लग्नं मोडली आहेत. मी मंगळवारी विचारलं, गुरुवारी विचारलं. बघू की. शनिवारी तर ती गच्चीवरच्या चहाला गेलेली. बावीस माणसं आणि माझा शब्द अधांतरी लोंबकळत होता. शेवटी मी फ्रिजवरचा कागद बघितला. रविवार, लाल शाई: 'उजनीचे पक्षी, नंतर हुरडा.' म्हणजे या बाईला हुरडा खायचा होता, फक्त माझ्याबरोबर खायचा नव्हता! त्या रविवारी पहाटे सहाला मी आईच्या मागोमाग सात रस्ता चौकात जाऊन उभा राहिलो.

मिनीबसच्या दारात निमाताई उभ्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही.

"हे कोण?"

"माझा धाकटा," आई म्हणाली. "आगाऊपणानं आलाय."

"साठ पूर्ण?"

"नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"मग नाही जमायचं. मुलं आणायची नाहीत हा नियम आहे. मुलं आली की आपली माणसं पुन्हा आईबाप होतात, आणि सगळी सहल स्वेटर घाल, पाणी पी यातच जाते."

एवढ्यात खिडकीतून एक उंच, हडकुळे गृहस्थ वाकून बघायला लागले. डोक्याला मफलर, मिशा पांढऱ्या शुभ्र. "पोरगा हाय व्हय? मला वाटलं अक्काचा भाऊ हाय."

सगळी बस हसली. आई सगळ्यांत जास्त.

हे राजय्या काका. तेलुगू विणकर घरातले. चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढून आता मोकळे झालेले. माझ्या आईला ते अक्का म्हणतात. या हिशोबानं मी त्यांना मामा म्हणायला हवं. पण मामा म्हणणं म्हणजे त्यांचा हक्क मान्य करणं. मी काकाच म्हणतो.

शेवटी एकाच्या गुडघ्यामुळे एक जागा रिकामी निघाली आणि निमाताईंनी मला 'सामान' म्हणून घेतलं. मागच्या बाकावर, दह्याचं गाडगं मांडीवर धरून मी बसलो. आई पुढे खिडकीपाशी. लहानपणी एसटीतली खिडकी माझी असायची, ती माझ्यावरून वाकून बाहेर बघायची. आता तिच्या आणि माझ्यामध्ये अकरा ज्येष्ठ नागरिक आणि एक गाडगं होतं.

मोहोळ आलं. मामाच्या शेताकडे वळायचा फाटा आला. तिथं आता मंगल कार्यालय आहे, बाहेर प्लास्टिकचे दोन हत्ती. मी आईच्या पाठीकडे बघत राहिलो. आता ती वळून बघेल, आता तिचा श्वास अडकेल, आता ती पदर डोळ्याला लावेल. गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या आणि तिच्यावर 'ठ' आला होता. फाटा गेला, हत्ती गेले. "ठ वरून काय आहे रे राजय्या?" एवढंच ऐकू आलं.

उजनीच्या काठाला उतरलो तेव्हा उन्हं नुकती पाण्यावर आली होती. केळीच्या बागा पार पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या, उपसा मोटारींची घरघर, ओल्या गाळाचा आणि माशांचा वास. लाइफ जॅकेट घालताना म्हाताऱ्यांची जी धमाल उडाली ती बघून एखाद्याला वाटलं असतं, की हे चंद्रावर निघालेत. एक आजी म्हणाल्या, "माझं जाकीट मला पुढून बसत नाही, दोन द्या." एका आजोबांनी होडीत पाय टाकण्याआधी मुलाला फोन करून सांगितलं, की मी घरीच आहे, पेपर वाचतोय.

होडीवाल्यानं मोटार बंद केली आणि आवाजच संपला. समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. शेकडो. आधी वाटलं, पाण्यावर कुणीतरी फिकट गुलाबी साडी वाळत घातली आहे. मग त्या साडीला वारा लागला, एक काठ उचलला गेला, आणि पंखांखालचा लालभडक रंग उघडा पडला. होडीत चौदा म्हातारी माणसं, तोंडं उघडी ठेवून.

"आणि तो बघ, पिवळी चोच, पाठीवर गुलाबी, तो चित्रबलाक," आई हळूच म्हणाली. दुर्बिणीतून. दुर्बीण राजय्या काकांची. "तो एकटा उभा आहे ना, तो राखी बगळा."

मी थक्क झालो. माझ्या लहानपणी मी तिला विचारायचो, आई, तो कुठला पक्षी? ती म्हणायची, असेल कसला तरी, जेव मुकाट्यानं. आमच्या दारात आयुष्यभर कावळा, चिमणी आणि 'असेल कसला तरी' एवढेच तीन पक्षी येत. आणि आज ही बाई नुसत्या चोचीवरून नाव सांगत होती. मी दुर्बीण मागितली. "थांब जरा, राजय्यानं अजून बघितलं नाही," ती म्हणाली. मी थांबलो. राजय्या काकांनी पाहिजे तेवढा वेळ घेतला. मला मिळेपर्यंत रोहित उडून पलीकडच्या काठाला गेले होते आणि माझ्या वाट्याला एक पाणकोंबडी आली.

दुपारी परतीच्या वाटेवर शेतात शिरलो तेव्हा मात्र माझा जीव भांड्यात पडला. हे माझं राज्य. तोच धूर, तीच राख, कणसांचे भारे, सूप, शेंगाची चटणी, गूळ, दही. आता आगटीला आई बसेल, बांगड्या वाजतील, आणि या सगळ्यांना कळेल की ही बाई मूळची कुणाची आहे.

शिट्टी वाजली.

"आगटीला बायका बसणार नाहीत!" निमाताई ओरडल्या. "पुरुषांनी बाह्या सरसावा!"

माझ्या डोळ्यांदेखत बायका सतरंजीवर ऐसपैस टेकल्या, पाय पसरून, आणि एक निवृत्त तलाठी, एक माजी पोस्टमन आणि राजय्या काका धोतर-पँट आवरत आगटीभोवती उकिडवे बसले. शेतमालक माझ्या शेजारी उभा होता. "पैल्यांदा म्या लई हसलो बगा यास्नी," तो म्हणाला, "आता आमच्या घरची बी आगटीला बसंना झालीया."

राजय्या काकांचे हात बघण्यासारखे होते, हे मला कबूल केलंच पाहिजे, जरी कबूल करताना पोटात दुखतं. चाळीस वर्षं सुताचा तुटका धागा चिमटीत पकडलेली बोटं ती. कणीस हातात आलं की एका बाजूनं दुसऱ्या बाजूला असं फिरायचं, जणू गरम लागतच नाही. सुपाची गरजच नव्हती. दाणे ओंजळीत, दोन फुंकरा, आणि ओंजळ थेट आईच्या हातात. आईनं डोळे मिटून खाल्लं. मिटून!

मग माझ्यातला मत्सर उठून उभा राहिला आणि त्यानं माझं तोंड वापरलं.

"काका, तुमचं चाललंय बरं," मी मोठ्यानं म्हणालो, "पण खरं चोळणं बघायचं तर माझ्या आईचं!" आणि मी गोष्ट सुरू केली. बैलगाडी सांगितली, गोफण सांगितली, थव्याची नक्कल केली. बांगड्यांचा आवाज तोंडानं काढून दाखवला. पहिल्या मुठीची पालखी दोन्ही हातांनी मिरवली. पोस्टमन काका चोळायचं विसरून बघत राहिले आणि त्यांचं कणीस जळून कोळसा झालं. "त्या हाताची चव," मी शेवटच्या टप्प्यावर आलो, "त्या हाताची चव पुन्हा मिळणं नाही! आई, ऊठ. दाखव यांना एकदा."

टाळ्यांची माझी जागा ठरलेली आहे. तिथं टाळ्या आल्या नाहीत.

राजय्या काकांनी कणीस चोळता चोळताच विचारलं, "आनि अक्कानं कवा खाल्ला?"

"म्हणजे?"

"गरम. तुमी समदी खाल्ला. अक्कानं कवा खाल्ला?"

मी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर असणार, असं मला वाटलं होतं. मी आठवणीत शिरलो, तिथं सगळं जागच्या जागी होतं. चिंच होती, विहीर होती, धूर होता. आईचे हात होते, कपाळावरची रेघ होती, हसू होतं. अण्णा एक मूठ मागत होते. मी खात होतो, भावंडं खात होती, गाडीवानही खात होता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. एकाही वर्षी, एकाही थंडीत, आईच्या तोंडात दाणा जात नव्हता.

"पहिल्या सहलीला हीच गंमत झाली," निमाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता शाळेतला नव्हता. "आम्ही सगळ्या बायका उतरलो आणि कुणी न सांगता आगटीला जाऊन बसलो. सवय. हे सगळे बाप्ये वाट्या घेऊन सतरंजीवर. तासभर चोळल्यावर राजय्यानं तुझ्या आईला विचारलं, अक्का, तुमी खाल्ला का? ती म्हणाली, आम्ही मागाहून खातो. गरम कधीच खाल्ला नाही? तर हिनं विचार केला. बराच वेळ केला रे. आणि म्हणाली, नाही. बहात्तर वर्षांची होती तेव्हा."

"आमच्यातल्या तीन-चौघींनीपण 'नाही'च सांगितलं," लाइफ जॅकेटवाल्या आजी म्हणाल्या. "एक तर रडायला लागली. मीच ती."

त्या दिवसापासून आगटीला ही शिट्टी.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत काहीतरी असेल. ती दातात अडकलेलं फोलपट जिभेनं काढायच्या खटपटीत होती.

"अगं, पण तू बोलली नाहीस कधी."

"त्यात काय बोलायचं? तेव्हा तसंच असायचं. तुम्ही सगळे उठलात की सुपातलं राहिलेलं खायचे की मी."

"थंड?"

"थंडच."

"कसा लागतो?"

तिनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "चिवट," ती म्हणाली. "रबरासारखा. मला कळायचंच नाही, लोक हुरडा हुरडा म्हणून एवढे का वेडे होतात."

एवढं बोलून ती हसली, आणि ते हसणं अगदी आगटीवरचंच होतं. म्हणजे ती मला जी चव आयुष्यभर देत होती ती चव तिला ठाऊकच नव्हती. ती ज्या माणसानं तिला दिली तो समोर उकिडवा बसला होता, मिशांवर राख पडलेली, आणि मी त्याच्यावर जळत होतो. माझ्याकडे त्रेपन्न थंड्या होत्या. त्याला एक पुरली.

मी बाह्या वर केल्या आणि पोस्टमन काकांना म्हणालो, "सरका."

"साठ पूर्ण?" कुणीतरी ओरडलं.

पहिलं कणीस मी हातात घेतलं आणि लगेच परत केलं, आगटीला. दुसरं धरून ठेवलं. गरम म्हणजे काय असतं हे तोवर मला माहीत नव्हतं. मी फक्त गरम खाल्लं होतं. तळहाताची कातडी ओरडत होती. "दाबू नको, फिरव," राजय्या काका म्हणाले. "भांडी घासतोस व्हय?" तलाठी काकांनी सल्ला दिला की फुंकर दुरून मारावी, मी दुरून मारली, आणि निम्मे दाणे फोलपटांसकट उडून निमाताईंच्या चहात गेले. तिसऱ्या कणसाला बोटाला फोड आला. पाचव्या कणसापर्यंत माझ्या ओंजळीत चमचाभर दाणे जमले. काही हिरवे, काही काळे, आणि बराचसा भुसा.

मी उठलो आणि ती ओंजळ आईपुढे धरली. तिनं एक दाणा घेतला. चावला. दुसरा घेतला, आणि त्याबरोबर आलेली काडी काढून माझ्याच हातावर ठेवली.

"कच्चा आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि राख आहे."

"हो."

तिनं सगळे खाल्ले. एकेक करून, काड्या वेगळ्या काढत, शेवटच्या दाण्यापर्यंत. मग माझा हात उलटा करून फोड बघितला. मला वाटलं, आता त्यावर फुंकर घालेल.

"रविवारी किती माणसं म्हणालास?"

"बावीस."

"मग बस अजून. या वेगानं बावीस माणसं पाडव्यापर्यंत खात बसतील." आणि तिनं मान वळवून राजय्या काकांपुढे हात पसरला. "तोंडाची चव बदल रे बाबा जरा."

मी बसलो. ऊन कलेपर्यंत बसलो. पुढे झाडाला बांधलेल्या झोपाळ्यावर आई जाऊन बसली आणि लाइफ जॅकेटवाल्या आजी तिला झोके देत होत्या, हे मला धुरातून दिसत होतं. दोघी कशावरून तरी इतक्या हसत होत्या की झोका थांबला. कशावरून, ते मला कुणी सांगितलं नाही.

तो रविवार होऊन सहा दिवस झाले. माझ्या उजव्या हाताचे दोन फोड फुटले, एक शिल्लक आहे. बायकोनं घरातला गॅस आठवडाभर मला दिला. मी बाजारातून आणलेली कणसं शेगडीवर भाजून चोळतो आहे आणि सगळं घर कोंड्यानं भरलं आहे. आईनं तिसऱ्या दिवशी आपण होऊन सांगितलं, "येते मी रविवारी. पण सतरंजीवर बसणार. आणि राजय्याला बोलाव."

मला हे आवडलं नाही. दोन दिवस मी फोन केला नाही. आज दुपारी केला.

"येतो की," काका म्हणाले. "आगटीला मी बसू का? अक्काला माजा हात माहीत हाय."

"नाही," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. "तुम्ही पाहुणे. सतरंजीवर बसायचं. आगटीला मी बसणार."

पलीकडे ते मिशीत हसले असावेत.

"बरं," ते म्हणाले. "मंग ऐक. अक्काला कोवळा दाना नको. जरा भरलेला, कडंला करपलेला लागतो. गूळ देऊ नको, तोंड गोड झालं की ती खायचं थांबते. चटणी बाजूला ठेव, मिसळू नको. आनि वाटीत देऊ नको. वाटीत दिलं की ती दुसऱ्याला फुडं सरकवते. हातात दे, आनि खाईपत्तुर तितंच उबा ऱ्हा."

त्रेपन्न वर्षं मी त्या बाईच्या घरात जेवलो आहे, आणि यातलं एकही वाक्य मला माहीत नव्हतं. माझ्यातला मत्सर पुन्हा उठून उभा राहिला, खणखणीत.

"जरा थांबा काका," मी म्हणालो. "पेन आणतो. लिहून घेतो."